तळ्याची पारख : मिनेसोटातील पानगळीची मासेमारी



विहीर खणण्यापूर्वी आपण पाणाड्याला बोलावतो. बैल घेण्यापूर्वी त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. बी टाकण्यापूर्वी मातीचा वाफसा हाताने चाचपतो. अमेरिकेच्या उत्तर टोकाला मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथील माणसे गळ टाकायला निघण्यापूर्वी तळ्याची अशीच पारख करतात. ती कशी करतात, ते आज तुम्हांला सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, सातासमुद्रापलीकडच्या तळ्यांशी आमचा काय संबंध? थोडा धीर धरा. आपल्या गावतळ्याच्या उपयोगाचे बरेच काही त्यात आहे.

माझा भाचा तेथे सेंट पॉल शहरात नोकरीला आहे. त्याच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे आपल्या नवरात्राच्या सुमारास, काही आठवडे राहण्याचा योग आला. आपल्याकडे त्या दिवसांत ऑक्टोबरचे ऊन चटके देत असते. तेथे मेपलची झाडे लालभडक होऊन पाने गळू लागतात, पहाटे गवतावर दहिवर गोठलेले दिसते आणि मका-सोयाबीनच्या काढणीची यंत्रे रात्रीदेखील शेतात फिरत असतात. या दिवसांनंतर तळी गोठतात. म्हणून होडीतून मासे धरण्याचे हे शेवटचे आणि पुष्कळांच्या मते सर्वांत चांगले दिवस.

या राज्याला 'दहा हजार तळ्यांचा प्रदेश' म्हणतात. दहा एकरांहून मोठी तळीच मोजली तर ती ११,८४२ भरतात. हजारो वर्षांपूर्वी हा मुलूख बर्फाच्या प्रचंड थरांखाली होता. ते बर्फ सरकत गेले, त्यांनी जमीन खरवडली, खड्डे पाडले, आणि बर्फ वितळल्यावर त्या खड्ड्यांची तळी झाली. कोणी बांध घातला नाही की खोदकाम केले नाही. इतकी तळी समोर असताना नेमके कोणत्या तळ्यावर जायचे, हा तेथल्या माणसाचा खरा प्रश्न असतो.

दोन मासे, दोन स्वभाव

पानगळीत तेथे दोन माशांवर लोकांचा जीव असतो. एक वॉलआय आणि दुसरा पिवळा पर्च. दोघे एकाच कुळातले. वॉलआय हा त्या कुळातला तेथील सर्वांत मोठा मासा. १९६५ पासून तो मिनेसोटाचा राज्यमासा आहे. त्याच्या डोळ्यांच्या आत चकाकणारा पडदा असतो. रात्री विजेरीच्या उजेडात मांजराचे डोळे चमकतात, तसे त्याचे डोळे चमकतात. त्यामुळे त्याला अंधुक उजेडात उत्तम दिसते आणि भर उन्हाचा त्रास होतो. तो शिकार करतो ती संध्याकाळी, रात्री, पहाटे, किंवा वाऱ्याने पाणी गढूळ झाले असेल तर दिवसा.

पर्च लहान, साधारण वीतभर. अंगावर पिवळसर सोनेरी झाक आणि त्यावर सहा-आठ गडद उभे पट्टे. हा थव्याने हिंडतो आणि दिवसा खातो. अंधार पडला की तळाशी निवांत बसतो, आणि नेमका तेव्हाच वॉलआय त्याला खायला येतो. म्हणून जेथे पर्च मुबलक, तेथे वॉलआय असण्याचा संभव अधिक. दुपारी पर्च आणि दिवेलागणीला वॉलआय, असा एका दिवसात दोहोंचा मेळ साधायचा तर दोन्ही मासे चांगले असलेले तळे हवे.

पाणी उलटते तेव्हा

आता पारखीतला सर्वांत महत्त्वाचा भाग. उन्हाळ्यात खोल तळ्याच्या पाण्याचे थर पडतात. वर ऊबदार, हलके पाणी. खाली थंड, जड पाणी. खालच्या थराला वारा लागत नाही, त्यामुळे तेथला प्राणवायू हळूहळू संपत येतो. पानगळीत वरचे पाणी थंड होऊ लागते. थंड झाले की ते जड होते आणि खाली बसते. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. मग जोराचा वारा सुटला की सगळे तळे तळापासून ढवळून निघते. तेथले लोक याला 'तळे उलटले' असे म्हणतात. त्या दिवसांत तळाचा कुजका वास वर येतो, मासे कुठेही पांगतात आणि गळाला काही लागत नाही. काही दिवसांनी सगळीकडे सारखा प्राणवायू झाला म्हणजे पुन्हा मासे जागेवर येतात आणि हिवाळ्यापूर्वी खाखा करून खातात.

पण जी तळी पसरट आणि उथळ आहेत, त्यांना वारा उन्हाळाभर ढवळतच असतो. तेथे थर नीट पडतच नाहीत, म्हणून उलटण्याचा फटकाही फारसा बसत नाही. यावरून नियम असा निघतो : तळी उलटण्याच्या दिवसांत उथळ, विस्तीर्ण तळे धरावे, ते दिवस सरल्यावर खोल तळ्याकडे वळावे.

आमची निवड

आमच्याकडे शनिवारचा एकच दिवस होता. पुढल्या आठवड्यात भाच्याला सुट्टी नव्हती आणि माझे परतीचे तिकीट काढलेले होते. भाच्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. जन्मभर मका-सोयाबीनची शेती केलेले. होडी त्यांची. त्यांनी तीन तळी पुढे ठेवली.

पहिले घराजवळचे, खोल आणि नितळ. आदल्या दिवशी भाचा तेथे जाऊन आला आणि म्हणाला, "मामा, पाण्याला गटारासारखा वास येतोय." म्हणजे तळे उलटत होते. ते बाद झाले.

दुसरे मिल लॅक्स, सुमारे दोन तासांच्या अंतरावर. १,३२,००० एकरांवर पसरलेले, आपल्या नाथसागरापेक्षाही मोठे. पण खोली जास्तीत जास्त ४२ फूट, म्हणजे आपल्या एखाद्या चांगल्या विहिरीएवढीच. उथळ म्हणून निवडीला योग्य. परंतु तेथे २००५ साली झेब्रा शिंपला नावाची परकी उपद्रवी जात आढळली. हे शिंपले पाणी गाळून स्वच्छ करतात. स्वच्छ पाणी ऐकायला बरे वाटते, पण अंधुक उजेडात जगणाऱ्या वॉलआयला ते मानवत नाही. २०१६ साली तर तेथे धरलेला प्रत्येक वॉलआय परत पाण्यात सोडण्याचा नियम होता.

तिसरे विनिबिगोशिश. लोक लाडाने त्याला 'विनी' म्हणतात. सुमारे ५८,००० एकर. मिसिसिपी नदी उगमानंतर काही अंतरावर याच तळ्यातून वाहत जाते. ओजिब्वे या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत या नावाचा अर्थच गढूळ, घाण पाणी असा आहे. वॉलआयसाठी गढूळ पाणी म्हणजे सोय, आणि पर्चसाठी तर हे तळे प्रसिद्ध. अंतर मात्र चार तासांचे.

निवडीपूर्वी आजोबांनी आम्हांला आणखी एक गोष्ट दाखवली. राज्याचे नैसर्गिक संपत्ती खाते ठरावीक काळाने तळ्यांत जाळी लावून पाहणी करते. कोणते मासे, किती, कोणत्या मापाचे, तळ्याची खोली कोठे किती, याची नोंद कोणालाही फुकट पाहता येते. मी म्हटले, हा तर तळ्याचा सातबारा झाला! विनीच्या उताऱ्यावर दोन्ही मासे चांगले होते. निवड झाली.

विनीवरचा दिवस

निघण्यापूर्वी परवाना घेतला. तेथे सोळा वर्षांवरील प्रत्येकाला तो लागतो. माणशी किती मासे ठेवायचे आणि कोणत्या मापाचे परत सोडायचे, हे प्रत्येक तळ्याचे वेगळे असू शकते. मोठी मादी लाखांवर अंडी घालू शकते, म्हणून ठरावीक मापातील मोठे मासे सोडून द्यावे लागतात. आपण बियाण्यासाठी टपोरी कणसे राखतो, तसाच हा प्रकार.

होडीत पाय ठेवण्यापूर्वी आजोबांनी सर्वांना लाइफ जॅकेट घालायला लावले. पानगळीतले पाणी इतके गार असते की पट्टीचा पोहणाराही काही मिनिटांत गारठून हातपाय हलवू शकत नाही. मोठ्या उथळ तळ्यावर वारा सुटला की लाटाही झपाट्याने उठतात. वारा वाढला तर मासे मिळत असले तरी किनाऱ्याला परतायचे, हे त्यांनी आधीच बजावले.

दुपारी पाणगवताच्या कडेला थांबलो. त्यातही पारख होती. तपकिरी पडून कुजू लागलेले गवत त्यांनी टाळले आणि अजून हिरवे असलेले शोधले, कारण लहान मासोळ्यांचा आसरा तेथेच. शिशाची गोळी बसवलेल्या गळाला चंदेरी मासोळी लावून तळाजवळ हलकेच नाचवायची. पर्चचा थवा सापडला तेव्हा तासाभरात जेवणापुरते मासे मिळाले. सूर्य कलल्यावर आम्ही खडकाळ उंचवट्याकडे गेलो. दोन वॉलआय लागले. त्यांतला मोठा सोडण्याच्या मापाचा निघाला. आजोबांनी तो ओल्या हाताने धरून हळूच पाण्यात सोडला. भाच्याला हळहळ वाटली. आजोबांना वाटलेली दिसली नाही.

काठाच्या उथळ पाण्यात जंगली भाताची ताटे उभी होती. ओजिब्वे लोक ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरात त्याची कापणी करतात. कापणी म्हणजे काय, तर होडीत बसून एका काठीने ताटे वाकवायची आणि दुसरीने हलकेच झोडायची. पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडतात, आणि तेच पुढल्या वर्षीचे बी.

परतताना होडीचे बूच काढून सगळे पाणी काढून टाकले आणि चिकटलेले गवत वेचले. तसा कायदाच आहे, म्हणजे एका तळ्याची कीड दुसऱ्यात जात नाही. उरलेले आमिषही पाण्यात टाकायचे नाही. गांडुळे तर जंगलातसुद्धा फेकायची नाहीत. मला याचे नवल वाटले, कारण गांडूळ शेतकऱ्याचा मित्र हे सांगण्यात माझी नोकरी गेली. पण त्या बर्फाने खरवडलेल्या प्रदेशात मूळची गांडुळे नाहीतच. बाहेरून आलेली गांडुळे तेथील जंगलातला पाल्याचा थर खाऊन टाकतात आणि त्या थरावर जगणारी रोपे मरतात.

घरी आल्यावर सूनबाईंनी पर्चची कातडी काढून तुकडे केले, त्यांना हळद, तिखट, मीठ, आले-लसूण आणि आमसुलाचे पाणी लावले, रव्यात घोळवले आणि तव्यावर परतले. मांस पांढरे, गोडसर, काटा कमी. आजोबांनी दोनदा मागून घेतले.

लाल तळ्याची गोष्ट

जेवताना आजोबांनी रेड लेक तळ्याची हकीकत काढली. ती आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. हे राज्यातले फार मोठे तळे. बहुतेक भाग ओजिब्वे लोकांच्या रेड लेक वसाहतीत, थोडा भाग राज्याकडे. वॉलआयवर तेथील अनेक कुटुंबांचे पोट. पण दोन्हीकडून बेसुमार मासेमारी झाली आणि १९९० नंतरच्या दशकात वॉलआय जवळजवळ संपला. १९९७ साली वसाहतीच्या लोकांनी आपली व्यापारी मासेमारी स्वतः होऊन थांबवली. ज्यांची चूल त्यावर पेटत होती, त्यांनी हे ठरवले, हे ध्यानात घ्या. १९९९ साली राज्यानेही आपल्या बाजूला वॉलआय धरणे बंद केले. दोघांनी मिळून कोट्यवधी पिल्ले सोडली, पाहणी केली, वाट पाहिली. २००६ साली तळे पुन्हा खुले झाले, तेव्हा वॉलआय मुबलक होता.

तळे केवळ मासेमारीने बिघडते असेही नाही. शेतातून वाहून येणारे खतही त्याला मारते. २०१४ साली ईरी सरोवरात विषारी शेवाळ माजले आणि टोलेडो शहरातील चार लाखांहून अधिक लोकांना काही दिवस नळाचे पाणी पिता आले नाही. मिनेसोटाने २०१५ साली कायदा केला, की सार्वजनिक तळी व नद्यांच्या काठाने सरासरी ५० फुटांचा पट्टा बारमाही गवत-झाडोऱ्याखाली ठेवावा. शेतकऱ्यांनी प्रथम कुरकुर केली. पीक घेण्याची जमीन जाते, ही तक्रार खोटी नव्हती. तरीही पट्टे राहिले.

आपल्या गावतळ्यासाठी

तुमच्या गावात पाझर तलाव, गावतळे किंवा मत्स्यसंस्थेकडे दिलेला तलाव असेल, तर चार गोष्टी करून पाहा. दरवर्षी किती पिल्ले सोडली आणि किती मासे निघाले, याची वही ग्रामपंचायतीत किंवा संस्थेत सर्वांना दिसेल अशी ठेवा. बारीक डोळ्याचे जाळे वापरू नका. रोहू-कटल्याच्या पोरांना वाढू द्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला अंड्यांवर आलेले मासे ओढ्याच्या तोंडाशी धरू नका. आणि तळ्याच्या वरच्या अंगाला ज्यांची शेते आहेत, त्यांनी काठाने गवताचा पट्टा राखावा. मातीही राहील, जनावरांना चाराही होईल.

यांतल्या कशालाही फारसा पैसा लागत नाही. अडचण येते ती एकमताची, आणि एकमत ग्रामसभेतच व्हावे लागते. येत्या सभेत हा विषय मांडा. ज्यांची चूल तळ्यावर अवलंबून आहे, त्यांना प्रथम बोलू द्या.