जिंतूरच्या वाटेवरची पाचर

परभणी सोडून जिंतूरकडे निघालात की आधी झरी, मग बोरी अशी गावे लागतात आणि दोन्ही हातांना काळी रेगूर जमीन पसरत जाते. ही माती मोठी मानी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्या पाठीवर घातलेला रस्ता काही वर्षांत निखाऱ्यावरच्या पापडासारखा वर-खाली होतो. श्रावणात शेतरस्त्याला लागलात तर बैलगाडीचे चाकसुद्धा ती सोडायला राजी नसते. तेव्हा झरीकडे शेती करणाऱ्या आमच्या मामेभावाने, म्हणजे दादाने, आपली जुनी जीप उंच करून घेतली यात मला तरी काही वावगे दिसले नव्हते. कमानपाट्यांना लांब शॅकल लावले, मोठे टायर चढवले, आणि शेळीची सांडणी झाली.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मामींनी चारठाण्याची देवळे पाहायची इच्छा बोलून दाखवली. दादा, वहिनी, मामी आणि आम्ही तिघे असे सहाजण फराळाच्या डब्यांसह निघालो. आमचे चिरंजीव हट्टाने पुढे बसले होते.

बोरी मागे पडली. एका मोरीच्या तोंडाशी डावे चाक खड्ड्यात आदळले, आणि स्टेअरिंगच्या अंगात वारे शिरले! पुढची चाके डावी-उजवीकडे फडफडू लागली, बॉनेट थरथरू लागले, मामींच्या मांडीवरचा चकल्यांचा डबा खाली गेला. समोरून कापसाने भरलेला टेम्पो येत होता. दादाने ब्रेकवर उभे न राहता अ‍ॅक्सिलरेटर सोडला आणि स्टेअरिंग धरून ठेवले. टेम्पो हातभर अंतरावरून निघून गेला. वेग पार उतरला तेव्हा कुठे ते थैमान थांबले.

"होतं असं अधूनमधून," दादा घाम पुसत म्हणाला. "साठच्या वर न्यायची नाही, बस्स!"

यावर मागून वहिनी सावकाश म्हणाल्या, "श्रावणात मामंजींना रात्री दवाखान्यात नेलं, तेव्हाही झालं होतं. मीच चालवत होते."

दादाला हे ठाऊक नव्हते. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही जीप विकली असती. पावसात वस्तीवरची पोरं शाळेला कशी गेली असती?"

नंतर जिंतूर येईपर्यंत गाडीत कुणी बोलले नाही.

जिंतुरात रस्त्याकडेच्या एका गॅरेजात गाडी उभी केली. मेस्त्री साठीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. दादाने आपले निदान सांगितले: रिममध्ये चिखल साचला असणार. ते अगदीच खोटे नव्हते. आमची काळी माती रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसली की चाकाचा तोल जातो आणि गाडी थरथरते. मेस्त्रींनी खरवडून ओंजळभर ढेकळे काढली, एक फेरी मारून आले आणि मान हलवली. मग त्यांनी दादाने हौसेने बसवलेला नवा स्टेअरिंग डॅम्पर सोडवून बाजूला ठेवला. "ही दुखणं लपवायची गोळी आहे. आधी दुखणं दिसू द्या."

पुढचे दोन तास मी विद्यार्थी होतो. इंजिन बंद, चाके जमिनीवर. मला स्टेअरिंगवर बसवून ते म्हणाले, "सर, थोडंसंच इकडं-तिकडं हलवा. जास्त नको." स्वतः खाली निजले आणि एकेका सांध्यावर हात ठेवत गेले. डाव्या टायरॉडच्या टोकाशी त्यांच्या बोटांना खट् जाणवली. मग जॅक लावून चाक अधांतरी केले, वर-खाली धरून हलवले, चाक डुलले. "आता ब्रेक दाबा." मी दाबला, तरी डुलले. "म्हणजे व्हील बेअरिंग नव्हे. किंगपिन." ब्रेकने चाक आणि त्यामागचा भाग एकमेकांना जखडतात, तरीही ढिलेपणा उरला, तर तो आणखी आत आहे. पंचवीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे, पण इतके नेटके पृथक्करण मला फळ्यावर क्वचितच साधले असेल.

दुखणे तसे पुराणे आहे. दोन्ही चाके एकाच आडव्या दांड्यावर असली की एक चाक उचलताच दांडा कलतो. फिरता भोवरा कलवला की तो भलत्याच बाजूला वळतो ना, तशी फिरती चाके मग वळू पाहतात. 1920 च्या दशकात मोटारींना मोठे, मऊ टायर आले तेव्हा युरोप-अमेरिकेत या थरथरीने इंजिनियरांना हैराण केले. पुढे मोटारींची पुढची चाके स्वतंत्र टांगली जाऊ लागली आणि ती निवली. दुसऱ्या महायुद्धातून आलेल्या जीपने मात्र दांडा सोडला नाही. खडकाळ वाटेवर तोच तिचा मोठेपणा.

आणि दादाच्या उंचीने काय केले होते? सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरून मागे झुकलेला असतो. म्हणून चाक आपसूक सरळ व्हायला पाहते. जीपच्या पुढच्या चाकांनाही असा दोन-तीन अंशांचा कल असतो. लांब शॅकलने दांडा किंचित फिरला आणि तो कल पुसला गेला. आधीच ढिले असलेले सांधे, त्यात चाकांना घरी परतायची ओढच राहिली नाही!

मेस्त्रींनी टायरॉडचे टोक बदलले, किंगपिनच्या झाकणाखालच्या पातळ चकत्या काढून बेअरिंग घट्ट केले आणि शेजारच्या लेथवरून दोन लोखंडी पाचरी आणवल्या. कमानपाटे आणि दांडा यांच्यामध्ये त्या बसल्या. पाचर मारणे म्हणजे चालत्या कामात खोडा घालणे, असा अर्थ मी वर्गात सांगत आलो आहे. इथे तिने गाडी चालती केली. मात्र जाड बाजू उलटी लागली तर दुखणे वाढते, हे मेस्त्रींनी दादाला दोनदा बजावले. शेवटी टायरवर खडूच्या खुणा करून, फीत धरून, पुढची चाके पुढून किंचित आत वळलेली आहेत ना, तेही पाहिले.

"पाचर आधी मारली असती तर?" मी विचारले.

"ढिलं तसंच ठेवून? मग पुन्हा आलाच असता, सर. आला असता तर."

नेमगिरीच्या डोंगरातली जैन लेणी जिंतुराहून अगदी जवळ. पण आता वेळ नव्हता. चारठाण्याला पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. जुना कोरीव दगडी स्तंभ तांबूस दिसत होता. त्या हेमाडपंती देवळांत दगडावर दगड कसे बसवले आहेत, हे दादा नेहमीपेक्षा बराच वेळ पाहत राहिला. मामी पायरीवर बसून उरलेल्या चकल्या वाटत होत्या.

परत निघताना त्याने किल्ली वहिनींपुढे धरली. काळोख पडला होता. त्यांनी पदर खोचला, आरसा नीट केला. जिंतूर गेले. मोरी जवळ आली तशी मामींनी माझा दंड घट्ट धरला. चिरंजीव आपणहून मागे येऊन बसले होते. चाक खड्ड्यात आदळले. स्टेअरिंग एकदा हिसकले आणि सरळ झाले.

"काय गं?" दादाने विचारले.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या आणि गियर बदलला.