दूर म्हणजे कुठून दूर?

मुलांनो, सुट्टीत डोंगरावर फिरायला जायचं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोणती नावं येतात? महाबळेश्वर, माथेरान, फार तर चिखलदरा. खरं ना? आणि मराठवाडा म्हटलं की? काळं रान, कडक ऊन आणि पाण्याचा टँकर! आम्ही लातूरची माणसं. आमच्या घरच्या मुलांनाही तसंच वाटायचं. पण नांदेड जिल्ह्याचा नकाशा उघडा आणि अगदी वरच्या, ईशान्येच्या कोपऱ्यावर बोट ठेवा. किनवट आणि माहूर! एका बाजूला विदर्भ, दुसऱ्या बाजूला तेलंगणा आणि मधे डोंगर, सागाचं जंगल आणि पैनगंगा नदी. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नववीतली भाची आणि सहावीतला भाचा यांना घेऊन मी तिकडे जाऊन आलो. त्याचीच ही गोष्ट.

लातूरहून एसटीने नांदेड गाठलं. तिथून भोकर, हिमायतनगर करत गाडी पुढे निघाली, तशी सपाट जमीन हळूहळू संपली. रस्ता वळू लागला, चढू लागला. दोन्ही बाजूंना सागाची मोठमोठी पानं दिसू लागली. अजिंठ्याच्या डोंगरांचं नातं सांगणाऱ्या रांगा इथून पुढे तेलंगणातल्या निर्मळ आणि आदिलाबादकडे जातात. गाडीत एक आजी सीताफळांची पाटी घेऊन चढल्या. त्या वाहकाशी मराठीत बोलत होत्या, शेजारणीशी तेलुगूत, आणि मधेच कोणाला तरी हिंदीतून ओरडत होत्या. भाचा माझ्या कानात म्हणाला, "मामा, यांना किती भाषा येतात!" मी म्हटलं, "थांब, अजून पुष्कळ ऐकायच्या आहेत."

इस्लापूरजवळ आम्ही उतरलो ते सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला. आधी काही दिसत नाही, नुसता आवाज येतो. मग एकदम समोर काळाकभिन्न खडक आणि त्यावरून असंख्य धारांनी कोसळणारी पैनगंगा! म्हणूनच नाव सहस्रकुंड. पावसाळ्यात सगळ्या धारा एक होतात आणि नदी लालसर, गढूळ होऊन गर्जत पडते. आम्ही गेलो तेव्हा पाणी निवळलं होतं. प्रत्येक धार वेगळी मोजता येत होती.

गंमत म्हणजे नदीचा एक काठ नांदेड जिल्ह्यात आणि दुसरा यवतमाळ जिल्ह्यात. इकडे मराठवाडा, तिकडे विदर्भ. भाच्याने लगेच विचारलं, "मग मधला धबधबा कुणाचा?" मला काही उत्तर देता आलं नाही!

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा हं. इथला खडक ओला असला की तेलासारखा निसरडा होतो. वरच्या बाजूला इसापूरला पैनगंगेवर मोठं धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की नदीचं पाणी वाढतं. त्यामुळे फोटो काढण्यासाठी कड्याच्या टोकाला जायचं नाही म्हणजे नाही.

मुक्काम किनवटला केला. किनवट हे या डोंगरांतलं बाजाराचं गाव. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी रेल्वे इथूनच जाते. आजूबाजूला गोंड, कोलाम, आंध, बंजारा लोकांच्या वाड्या आणि तांडे आहेत. बाजारात मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी, कोलामी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी अशा सगळ्या भाषा एकत्र नांदतात. यातल्या गोंडी आणि कोलामी या तेलुगूच्या नात्यातल्या, म्हणजे द्राविडी कुळातल्या भाषा आहेत बरं का.

दिवाळीचे दिवस असल्याने एका वाडीत आम्हाला दंडारीचा नाच पाहायला मिळाला. मोरपिसांचे भलेमोठे टोप घातलेले घुसाडी ढोलाच्या तालावर नाचत होते. पायांत घुंगरं, हातात काठी. आमच्या दिवाळीत फटाक्यांचा आवाज, त्यांच्या दिवाळीत ढोलाचा!

दुसऱ्या दिवशी थोडी वाट वाकडी करून उनकेश्वरला गेलो. इथे गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींसाठी श्रीरामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी कथा सांगतात. भाचीला विज्ञानाची आवड. तिने विचारलं, "पण मामा, खाली जाळ कोण लावतं?" जाळ कोणी लावत नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांमधून खोल खोल मुरतं. जमिनीत जसजसं खाली जावं तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून पुन्हा वर येतं. येताना खडकातली खनिजं बरोबर आणतं. त्यात गंधक असतो, म्हणून तो विशिष्ट वास.

तिथून माहूरच्या रस्त्याला लागलो. वाटेत एका छोट्या गावात चहाला थांबलो. छपराचं हॉटेल, चुलीवर चहा, परातीत भजी. चहा द्यायला एक मुलगी आली. आठवीत होती. आश्रमशाळेत राहून शिकते आणि दिवाळीला घरी आली होती.

"कुठून आले तुम्ही?" तिने विचारलं.

"लातूरहून," भाचा म्हणाला. "बाप रे, तुमचं गाव किती दूर आहे! दोन दिवस झाले आम्ही येतोय."

ती हसली. म्हणाली, "आमचं गाव कुठं दूर हाय? हे इथंच तं हाय! दूर तं तुमचं लातूर हाय."

भाचा गप्प. मग तिने बोटांवर मोजून दाखवलं. बाजाराला किनवट. थोरल्या बहिणीचं सासर आदिलाबादकडे, म्हणजे तेलंगणात. आत्या नदीपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. मामा खाली नदीकाठच्या गावात. सगळं कसं जवळच! आपण ज्याला 'महाराष्ट्राचं टोक' म्हणतो, तो तिचा मधोमध होता.

मुलांनो, ही हद्दसुद्धा कायमची नव्हती. निजामाच्या राज्यात हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात. म्हणून हैदराबाद मुक्तिसंग्रामात पलीकडच्या उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांची छावणी होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झालं. तेव्हाही किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट नांदेडला जोडलं गेलं आणि नांदेडचा मुधोळ, भैंसा हा भाग तिकडे गेला. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला आणि २०१४ साली तेलंगणा. माणसं होती तिथेच राहिली, घरं होती तिथेच राहिली. रेघ मात्र इकडून तिकडे सरकली.

चहा पिता पिता भाची आणि त्या मुलीच्या गप्पा रंगल्या. भाचीने २०१६ सालच्या दुष्काळाची गोष्ट सांगितली. तेव्हा ती पाच वर्षांची होती. लातूरला प्यायला पाणी नव्हतं, म्हणून एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. सव्वातीनशे किलोमीटरहून जास्त लांबून! पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या आणि त्यांत ५ लाख लिटर पाणी. "आमच्या आईने तेव्हाची घागर अजून ठेवली आहे," भाची म्हणाली. "तुमच्याकडं बघ, केवढी नदी आहे! एखादं मोठं धरण बांधलं तर किती पाणी अडेल!"

ती मुलगी एकदम गंभीर झाली. "बांधणार हायत ना," ती म्हणाली. "माझ्या मामाचं गाव त्यातच जाते म्हणतात. शाळा, वावर, महादेवाचं देऊळ, सगळं."

तिने सांगितलं ते खरं आहे. माहूरच्या खालच्या अंगाला पैनगंगेवर मोठं धरण बांधायची योजना कितीतरी वर्षांपासून चालू आहे. महाराष्ट्र आणि तेलंगणा, दोघांनाही त्याचं पाणी मिळायचं आहे. कोरडवाहू शेतीला पाणी मिळेल, असं एका बाजूचे लोक म्हणतात. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांतली बरीच गावं, शेतं आणि जंगल बुडेल, म्हणून नदीकाठचे लोक वर्षानुवर्षं विरोध करत आले आहेत.

भाची काहीच बोलली नाही. घागरीची गोष्ट सांगताना तिला वाटलं होतं, आपलंच दुःख सगळ्यांत मोठं. निघताना त्या मुलीने दोन सीताफळं तिच्या हातात दिली आणि पैसे मात्र घेतले नाहीत. गाडीत बसल्यावर भाचीने विचारलं, "मामा, यात बरोबर कोण?" मी म्हटलं, "तहानलेला माणूसही खरा आणि घर सोडावं लागणारा माणूसही खरा. मोठी झालीस की या प्रश्नावर काम कर. पण उत्तर काढण्याआधी दोन्ही काठांवर जाऊन ये." तिने मान हलवली. सीताफळं तिने माहूरपर्यंत मांडीवरच धरून ठेवली होती.

संध्याकाळी माहूरला पोचलो. माहूर म्हणजे महाराष्ट्रातल्या साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठं, वणीचं अर्धं. इथे तीन डोंगर आहेत. एकावर रेणुकामाता, एकावर दत्तात्रेय आणि एकावर त्यांची आई अनसूया. दोनशेहून जास्त पायऱ्या चढून आम्ही रेणुकेच्या देवळात गेलो. मूर्ती म्हणजे फक्त मोठा, शेंदूर लावलेला मुखवटा. आईसाठी शोक करणाऱ्या परशुरामाने मागे वळून पाहिलं, तेव्हा तिचं फक्त मुख जमिनीतून वर आलं होतं, अशी कथा आहे. प्रसाद कसला असतो ठाऊक आहे? कुटलेल्या विड्याचा तांबूल! भाच्याने दोनदा मागून घेतला आणि जीभ लाल करून सगळ्यांना दाखवत सुटला.

सकाळी किल्ल्यावर गेलो. हा किल्ला रामगड म्हणूनही ओळखला जातो. तटबंदी डोंगराच्या कडेकडेने जाते आणि आत चक्क तळं आहे. याच माहूरच्या देशमुख घराण्यातली एक शूर बाई म्हणजे सावित्रीबाई. औरंगजेबाने तिला 'रायबागन' असा किताब दिला होता. रायबागन म्हणजे राजवाघीण. १६६१ साली ती कारतलबखानाच्या मोगली फौजेबरोबर कोकणात उतरत होती. उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्या फौजेला असं कोंडीत पकडलं, की पुढेही जाता येईना आणि मागेही. तेव्हा रायबागननेच खानाला सांगितलं, की आता हट्ट सोडा आणि शरण जा. खानाने ऐकलं, म्हणून फौज जिवंत परत गेली. माहूरच्या या बाईला डोंगरातली लढाई बरोबर कळली होती!

शेवटी दत्तशिखरावर गेलो. दत्तात्रेय काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि झोपायला माहूरला येतात, असं म्हणतात. वर गेल्यावर त्यांनी झोपायला हीच जागा का निवडली ते कळतं. गार वारा, खाली धुक्याचे पट्टे आणि डोंगरामागे डोंगर. पैनगंगा माहूरला तीन बाजूंनी वळसा घालून जाते.

भाचीने दप्तरातला नकाशा काढला आणि तिघांनी मिळून नदीवरून बोट फिरवलं. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा वैनगंगेला मिळाली की तिचं नाव होतं प्राणहिता, आणि प्राणहिता गडचिरोलीत सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे नांदेडच्या घाटांवरून गेलेली गोदावरीच की! "आणि आपली मांजरा?" भाच्याने विचारलं. लातूर जिल्ह्यातून जाणारी मांजराही तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीतच जाते. म्हणजे लातूरचं पाणी, नांदेडचं पाणी आणि त्या चहावाल्या मुलीच्या मामाच्या गावाचं पाणी पुढे एकाच पात्रातून समुद्राला जातं.

मुलांनो, तुम्हीही जा बरं का या डोंगरांत. पावसाळा संपल्यापासून थंडी सरेपर्यंतचे दिवस उत्तम. जाताना कापडी पिशवी न्या. वेफर्सची रिकामी पाकिटं त्यातच टाकून परत आणा. आणि मुख्य म्हणजे तिथल्या मुलांशी बोला.

परतताना नांदेडच्या बसस्थानकावर एका काकांनी विचारलं, "काय, कुठे जाऊन आलात?"

"माहूर, किनवट!" भाचा म्हणाला.

"अरे बाप रे! इतक्या दूर?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, "काका, दूर म्हणजे कुठून दूर?"