जामीन राहिलेला देव

फॉरगॉटन रेल्म्स या कल्पित जगात देवांना तोटा नाही. एड ग्रीनवूडने लहानपणापासून रचत आणलेलं हे जग १९८७ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळासाठी प्रसिद्ध झालं. चोरांचा, वादळाचा, विद्येचा, नुसतं सोसण्याचाही देव तिथे नांदतो. न्यायाचा देव टीर. लढाईच्या हातोड्यावर तोललेला तराजू हे त्याचं चिन्ह. तो स्वतः आंधळा आहे आणि त्याचा उजवा हात तुटलेला आहे. ज्या खेळात जो तो अजिंक्य व्हायला निघालेला असतो, तिथे न्याय मागायचा तो या थोट्या देवाकडे, हे मला फार मोलाचं वाटतं.

हात गेल्याची कथा मुळात नॉर्स पुराणांतली, खेळाच्या कितीतरी आधीची. आइसलंडच्या स्नोरी स्टुरलुसनने ती तेराव्या शतकात लिहून ठेवली. फेन्रिर हा लांडगा देवांनी आपल्यातच वाढवला. त्याला खाऊ घालायला जायची छाती एकट्या टीरची. पुढे जगाला त्याचा धोका वाटून देवांनी त्याला बांधायला घेतलं. लांडग्याने दोन साखळदंड तोडले, तेव्हा देवांनी फितीसारखा मऊ बंध करवून घेतला. मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, माशाचा श्वास अशा नसलेल्या गोष्टींतून तो घडवला होता. लांडग्याला वास आला. तुटला नाही तर मला सोडणार ना, मग कुणीतरी माझ्या जबड्यात हात ठेवा, असं तो म्हणाला. देव एकमेकांकडे बघत राहिले. टीरने उजवा हात पुढे केला. बंध तुटला नाही आणि देवांनी तो सोडलाही नाही. सगळे हसले, टीर तेवढा हसला नाही.

या कथेत देवांनी शब्द मोडला आहे, ते मोडणार हे टीरला ठाऊक होतं. तो खोट्या वचनाला जामीन राहिला आणि जामीन जप्त झाल्यावर कुरकुरला नाही. जग वाचलं हे खरं, पण लांडग्याशी झाली ती फसवणूकच. तिचे पैसे चुकते करणारा देव एकटाच निघाला. फॉरगॉटन रेल्म्सच्या कथेत लांडग्याच्या जागी केझेफ नावाचा कुत्रा आला, जबडा आणि हात तेच राहिले.

खेळात टीरचं काम चालवतात ते पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेले योद्धे. १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत ते पहिल्यांदा आले. पुढे १९७८च्या नियमपुस्तकात तर जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं की पॅलाडिनपण कायमचं गेलं, असा दंडक होता. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिन सज्जनच असावा ही स्वभावाची अट सुटली, शपथ उरली. हे बरं झालं. स्वभाव कागदावर लिहिता येतो, शपथ निभवावी लागते.

आमच्या टेबलावर डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मी असतो. एकदा टीरच्या पॅलाडिनने शरण आलेल्या गॉब्लिनला जीवदान कबूल केलं आणि त्याच्याकडून बोगद्याची वाट काढून घेतली. मग बाकीचे म्हणाले, सोडला तर टोळी घेऊन येईल, उडवून टाक. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. पॅलाडिन खेळणारी मैत्रीण वीस बाजूंचा फासा मुठीत धरून बसली. समोरच्या चहावर साय धरली. शेवटी तिने फासा न टाकताच खाली ठेवला आणि म्हणाली, “मी त्याची दोरी सोडते. रात्रभर पहारा माझा. आले तर आधी माझ्या अंगावर येतील.” ते आले. मी तिला एकाही वाराची सूट दिली नाही. दिली असती तर तिच्या शब्दाला काय किंमत राहिली असती? तिचं पात्र मरता मरता वाचलं.

२००८च्या चौथ्या आवृत्तीत लेखकांनी टीरलाच चुकायला लावलं. सिरिक या कपटी देवाच्या कारस्थानाला फसून, टायमोरा देवीवरून, त्याने हेल्म या पहाऱ्याच्या देवाला, आपल्या मित्राला, द्वंद्वात ठार मारलं. कारण मला पोरकट वाटतं. पण नंतर टीरने जे केलं ते त्याला शोभणारं होतं. त्याने आपलं आसन टॉर्म या देवाला दिलं, राक्षसांशी लढायला गेला आणि तिथेच पडला. ज्याने न्याय करायचा त्याच्या हातून अन्याय घडला, तर त्याने खुर्ची सोडावी, हे इतकं स्पष्ट दाखवणाऱ्या कथा थोड्या आहेत. पाचव्या आवृत्तीत टीर आणि हेल्म दोघंही परत आले. त्या खुनाचा हिशोब मात्र तसाच राहिला, आणि हे मला पटलेलं नाही.

टेबल चालवणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्याकडे कुणी टीरचा पॅलाडिन निवडला, तर त्याला नुसते शत्रू पुरवू नका. त्याच्याकडून एखाद्या दुबळ्याला शब्द द्यायला लावा, आणि तो पाळणं महाग पडेल अशी वेळ आणा.