न वितळता जडलेले धातू

घाटंजीच्या आठवडी बाजारात ॲल्युमिनियमचे पातेले हवे असेल, तर 'जर्मनचा गंज' मागावा लागतो. या गंजाला गंज चढत नाही, हा त्याचा मोठाच गुण. परंतु त्याला भोक पडले की पंचाईत होते. तांब्यापितळेच्या भांड्याला डाख देता येतो, जर्मनला मात्र रिबिट ठोकावी लागते. कारण या धातूच्या अंगावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा असतो. धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पापुद्रा मात्र २००० अंशांच्या पुढे गेल्याखेरीज दाद देत नाही. शिवाय लोखंडाप्रमाणे आधी लालभडक होऊन तो इशाराही देत नाही. बघता बघता ओघळून जातो.

वेल्डिंगला आपल्या परिभाषेत 'वितळजोडकाम' असा भारदस्त शब्द आहे. १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संस्थेत वेन थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी जी रीत शोधली, तिने या शब्दातील 'वितळ'च काढून टाकले. ही रीत समजण्यास आमच्या वाचक भगिनींना मुळीच कष्ट पडणार नाहीत, कारण ती ताकाच्या रवीसारखी आहे. दोन पत्रे कडेला कड लावून घट्ट आवळायचे. कठीण पोलादाची एक जाड खुंटी गरगर फिरवत त्यांच्या सांध्यात दाबायची आणि सांध्याच्या रेषेने पुढे न्यायची. खुंटीच्या वरचा रुंद खांदा पत्र्यावर घासतो, त्या घर्षणाने धातू तापून मळलेल्या कणकेसारखा मऊ होतो आणि खुंटीमागे घुसळून, दाबून एकजीव होतो. ज्योत नाही, ठिणगी नाही, धातूचा थेंबही वितळत नाही.

एकाच धातूचे दोन तुकडे असतील तर येथवर सारे सुरळीत होते. दोन निराळे हलके धातू आले की खरी कसोटी लागते. ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड, मॅग्नेशियम तर जेमतेम १.७४ पट, गाड्यांचे वजन घटवू पाहणाऱ्यांना ही जोडी हवीहवीशी वाटते यात नवल नाही. मॅग्नेशियमही ६५० अंशांच्या आसपासच वितळते. वरवर पाहता समान स्वभावाचे स्थळ! परंतु ते एकमेकांत मिसळले की काही प्रमाणांतील मिश्रण ४३७ ते ४५० अंशांनाच पाणी होते, आणि दोहोंच्या संयोगातून जे नवे संयुग बनते ते काचेसारखे ठिसूळ असते. जोड तुटतो तो बहुधा याच थरात. हा थर मुळीच नसावा असेही नाही. तो नसेल तर दोन्ही धातू परके राहतील. तो हवा, पण केसाहूनही पातळ हवा. म्हणून कारागीर खुंटी मधोमध न ठेवता एका धातूकडे सरकवतात, फेऱ्यांची गती राखतात, कधी पाण्याखालीही काम करतात. उष्णता वाढवणे सोपे आहे, माप राखणे कठीण.

आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्याने त्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मिलिंग यंत्रावर केलेला असा एक तुकडा सुटीत दाखवायला आणला होता. आम्ही तो गावातील एका जुन्या वेल्डरच्या हाती दिला. त्यांनी शिवण निरखली नाही. तुकडा थेट पकडीत धरून वाकवला. तो मोडला. विद्यार्थ्याचा चेहरा उतरला, परंतु वेल्डर म्हणाले, "फादर, वरून सगळेच जोड चांगले दिसतात." आत पोकळ बोगदा राहूनही वरची रेषा गुळगुळीत असू शकते, हे त्या गृहस्थांना पुस्तकावाचून ठाऊक होते.

मोठ्या कारखान्यांनी मात्र हे माप साधले आहे. होंडा कंपनीने २०१२ साली अ‍ॅकॉर्ड गाडीच्या इंजिनाखालच्या चौकटीत पोलाद व ॲल्युमिनियम याच रीतीने जोडले आणि चौकटीचे वजन पाव हिश्श्याने उतरवले. आपल्या विदर्भात, नागपूरजवळ वाडी येथे, १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. धातुशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या आमच्या मुलामुलींनी त्याची माहिती अवश्य घ्यावी.

मोटारगाडी राहो, आपल्या शेतातील पंपाचेच पाहा. खांबावरून आलेली तार ॲल्युमिनियमची, मोटारीची तांब्याची. दोन्ही नुसत्या पिळून बांधल्या की दमट हवेत ॲल्युमिनियम झिजते, सांधा सैल पडतो, तापतो, आणि गव्हाला पाणी देण्याच्या ऐन रात्री पेटीतून जळका वास येतो. तांबे हलके नव्हे, पण न्याय तोच. यासाठी एका टोकाला तांबे व दुसऱ्या टोकाला ॲल्युमिनियम असलेले लग विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते, आणि त्यातील कित्येकांचा जोड घर्षणानेच केलेला असतो. वायरमनला तार पिळू देण्याआधी ते मागावे.