तळपायांना कोण सांगणार?

केमोचं औषध पॅक्लिटॅक्सेल संपलं, केस परत आले, आणि घरच्यांच्या हिशेबी मी बरी झाले. तळपायांना मात्र ते कुणी कळवलेलं नाही. फरशीवर अनवाणी उभी राहिले तरी पायांत मोजे असल्यासारखं वाटतं. ब्लाउजचे हूक लावताना तर अजून रडकुंडीला येते.

या औषधानं सर्वांत लांब नसा आधी दुखावतात, म्हणून बोटांची टोकं पहिली, असं फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं. त्यांचे व्यायाम दिसायला अगदीच पोरकट: ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, टाचा उचलायच्या, तांदळात लपवलेली बटणं बोटांनी चाचपून शोधायची. यानं नस दुरुस्त होते असं नाही. उरलेल्या संवेदनांवर तोल सांभाळायला मेंदू शिकतो. नस पुन्हा वाढलीच तर दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. काहींची बधिरता पुरती जातच नाही. वेदनेवर ड्युलॉक्सेटिनचा थोडाफार उपयोग होतो. शेजारपाजारचे मात्र बी-व्हिटॅमिनवर ठाम!

आंघोळीचं पाणी आता कोपरानं पाहते. रात्री तळवे आरशात तपासते, कारण चीर पडली तरी कळत नाही.

केमो चालू असताना मुंग्या यायला लागल्या, तर सोसत बसू नका. डॉक्टरांना लगेच सांगा. औषधाची मात्रा कमी करता येते.