संगम सरकवलेली नदी

शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे भूगोल शिकलो तो इंग्रजीतून. 'उगम' आणि 'संगम' हे शब्द मला दिले आजीने. आजी म्हणते, संगमाची जागा देवाने ठरवलेली असते. जर्मनीतल्या एम्शर नदीची गोष्ट ऐकली तर ती कानांवर हातच ठेवेल!

डॉर्टमुंडजवळ उगम पावणारी ही जेमतेम ८३ किलोमीटरची नदी. रुर भागातली कोळशाची शहरं ओलांडून ती ऱ्हाईनला मिळते. खाणींमुळे इथली जमीन खचायची. जमिनीखाली ड्रेनेज टाकलं तर पाइप फुटणार. इकडे पूर आणि रोगराईने लोक हैराण. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंजिनिअरांनी नदीच सरळ केली, काँक्रीटमध्ये बांधली आणि तिच्यातून उघडं सांडपाणी वाहू दिलं. जमीन खचून उतार पुरेना, तेव्हा संगमही उत्तरेला सरकवला, १९१० मध्ये आणि पुन्हा १९४९ मध्ये. नदीचं गटार झालं, तेही रीतसर डिझाइन करून!

खाणकाम तिथून हटलं, जमीन स्थिरावली. १९९२ पासून नदी सोडवायचं काम सुरू झालं. ५१ किलोमीटरची भूमिगत सांडपाणी वाहिनी झाली आणि २०२१ अखेर एम्शर सांडपाण्यातून सुटली. २०२२ मध्ये संगम पुन्हा हलवला. या वेळी मात्र पुराला पसरायला जागा आणि माशांना वर यायला वाट मिळावी म्हणून.

मी सिव्हिलचा. मला वाटतं, त्या पहिल्या इंजिनिअरांचं गणित बरोबरच होतं. फक्त त्यात नदी धरायची राहिली, आणि ती परत मिळवायला पुढच्यांची तीस वर्षं गेली.