मिकलातमधली ढोलकी

लाल समुद्र ओलांडल्यावर मिरियमने डफ हाती घेतला आणि सगळ्या बायका तिच्यामागे डफ वाजवीत निघाल्या, ही गोष्ट मुलांना शाळेत सांगतात. शौल राजाचं मन बिघडे तेव्हा दावीद वीणा वाजवी नि राजाला बरं वाटे, हेही सांगतात. आपल्या ढोलकीचं मात्र कुणी सांगत नाही. म्हणून बाळांनो, हे तुमच्यासाठी.

बेरशेवातल्या आम्हां बायकांच्या मंडळात ढोलकी एकच, मुंबईहून साड्यांच्या गाठोड्यात आलेली. तिचं एक तोंड टणटणीत वाजतं, दुसऱ्याला आतून मसाला, ते घुमतं. मुंबईत पावसाळ्यात कातडं सैल पडायचं, शेगडीजवळ शेकायला लागायचं. इथे नेगेवच्या कोरड्या हवेत उलटंच! कातडं इतकं ताणतं की दोरीच्या कड्या उतरवाव्या लागतात. मेंदीला तीच, कीर्तनालाही तीच. (तोराहमधल्या कथांवर मराठीत कीर्तन करायची चाल आपल्या लोकांनी मुंबईत १८८०च्या सुमारास पाडली.) शब्बाथला ती कपाटात. हवदाला झाली की बाहेर.

वाजवणारीही एकच होती, आमची मावशी. यजमान गेले आणि तिने ढोलकीला हात लावायचा सोडला. नवऱ्याचा शोक नियमाने ३० दिवसांचा, पण तिचा दोन वर्षं झाली तरी संपेना. मंडळात यायची, चहा घ्यायची, गप्प बसायची. आम्ही टाळ्यांवर गाणी म्हणायचो. टाळ्यांवर मेंदी म्हणजे मीठ नसलेली आमटी! पण तिला आग्रह कसा करणार? आम्ही केला नाही. चुकलंच आमचं, निदान एकदा विचारायला हवं होतं.

मग २०२५चा जून आला, इराणबरोबरच्या लढाईचे ते १२ दिवस. रात्री-अपरात्री भोंगा झाला की सगळी बिल्डिंग खाली मिकलातमध्ये. एका रात्री लहान मुलं फार घाबरली, एकाला तर उलटी झाली. आमच्यातल्या एकीने येताना ढोलकी उचलून आणली होती. का, ते तिलाही सांगता येईना. एका नातवाने ती मांडीवर घेतली आणि दरबुका बडवतात तशी बडवायला लागला. दोघीतिघींनी गाणं धरलं. ठेका पुढे, गाणं मागे, नुसता गोंधळ.

कोपऱ्यातून आवाज आला, "अरे, काय बडवतोस? केरवा आहे तो! धा गे ना ती, ना के धी ना. आठ मोज."

मावशी! दोन वर्षांत इतकं लांब वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं. उठून आली, पोराचा डावा पंजा धरला, "हा इथे, मनगट सैल सोड." पोरं आठ मोजायला लागली. मोजताना रडता येत नाही, हे आम्ही त्या रात्री बघितलं. ज्याला उलटी झाली होती तोही मोजत होता. बाहेर धडाम झालं तेव्हा सगळे थांबले, मग पहिल्यापासून.

मावशी स्वतः अजून वाजवत नाही. बोटं दुखतात म्हणते. खरं असेल, वय ८१ आहे. पण मंगळवारी संध्याकाळी पाच पोरं तिच्या घरी जातात. ढोलकी एक, म्हणून बाकीचे चौघे टेबलावर वाजवतात. शेजारीण तक्रार घेऊन आली होती, तिलाही मावशीने बसवून आठ मोजायला लावलं.